विजयदुर्गची खाडी नीट बघायची असेल तर: किल्ला, कांदळवन आणि भरती-ओहोटी एकत्र कसं वाचायचं

विजयदुर्गला येणारे बहुतेक लोक किल्ला फिरतात, तटावरून समुद्राकडे तोंड करून फोटो काढतात, जेवतात आणि देवगडच्या रस्त्याला लागतात. खाडी राहून जाते. मला हे फार खटकतं, कारण किल्ला नेमका तिथेच का बांधला याचं उत्तर खाडीत आहे, आणि ज्या कारणाने गलबतं इथे येऊन थांबायची अगदी त्याच कारणाने आज कोळंबीची पिल्लं इथे येऊन वाढतात. ते कारण म्हणजे आडोसा. एवढं एक सूत्र धरून खाडी बघितली की इतिहास वेगळा आणि निसर्ग वेगळा असं काही उरतच नाही. ती कशी बघायची ते सविस्तर लिहितेय, जमेल तेवढं.

आधी तिथी बघा, मग सुट्टी टाका

खाडीचं सगळं पाण्याच्या वेळेवर चालतं. भरतीला गेलात तर छान निळंहिरवं पाणी दिसेल, पण चिखल, मुळं, कालवं, खेकडे, जुन्या गोदीचा तळ हे सगळं पाण्याखाली असेल. त्यामुळे ओहोटी, म्हणजे इकडची सुकती, गाठायची. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री तसंच. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशोब तासभर मागेपुढे होतो आणि पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडे भरती आधी येते, म्हणून सिंधुदुर्गात वेळ मुंबईपेक्षा थोडी अलीकडची धरायची. मोबाईलवर भरतीचे तक्ते मिळतात ते बघाच, पण हिशोब डोक्यात असला की नेटवर्क नसताना अडत नाही, आणि गावातल्या माणसाशी बोलताना तो काय म्हणतोय तेही कळतं.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं, अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याची फार हालचाल नाही. खाडी बघायला उधाणाचे दिवस घ्या. पौर्णिमेला सकाळी अकराच्या आगेमागे भरती, संध्याकाळी पाचच्या सुमाराला ओहोटी, म्हणजे एकाच दिवशी उजेडात दोन्ही बघून होतं. किल्ला सकाळी भरतीला, चिखल संध्याकाळी. दोन्ही ओहोट्या सारख्या खोल नसतात, कुठली जास्त उतरते तेही तक्त्यात दिसतं.

महिना विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण तेव्हा स्थलांतरित पक्षी असतात आणि पाणी स्वच्छ असतं. पावसाळ्यात खाडी वेगळीच असते, लाल मातीचं गोडं पाणी जोरात येतं आणि तेही बघण्यासारखं आहेच, पण चिखलात उतरायचं नाही म्हणजे नाही.

यायचं कसं ते थोडक्यात. मुंबई-गोवा हायवेवर तळेरे, तिथून पश्चिमेला पन्नासेक किलोमीटर. गाडीने येणार असाल तर खारेपाटणला थांबा, का ते पुढे सांगते.

किल्ल्यावर उभं राहून खाडीचा आकार बघा

किल्ला वाघोटण नदीच्या मुखाशी दक्षिण बाजूला आहे. हीच खाडी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांची हद्द, पलीकडे राजापूर तालुका. तटाच्या समुद्राकडच्या बाजूला आधी जा आणि लाटा बघा, मग चालत खाडीकडच्या बाजूला या आणि पाणी बघा. दोन-तीनशे पावलांत पाण्याचा स्वभाव बदललेला दिसेल. नैऋत्येकडून येणाऱ्या लाटा किल्ल्याच्या खडकाळ टोकावर फुटतात आणि मागे खाडीच्या आत पाणी शांत राहतं. इंग्रजांच्या काळच्या गॅझेटियरमध्ये हे बंदर पश्चिम किनाऱ्यावरच्या उत्तम बंदरांपैकी एक म्हणून नोंदवलंय, आणि कारण दिलंय की मुखाशी वाळूचा दांडा नाही, कुठल्याही हवेत आत शिरता येतं, पावसाळ्यातसुद्धा मोठ्या जहाजांना आसरा मिळतो. कोकणातल्या कितीतरी खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचते आणि भरतीशिवाय होडी आत येत नाही, त्यामुळे ही केवढी मोठी गोष्ट आहे ते लक्षात घ्या.

म्हणूनच इथे एवढा किल्ला. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या शेवटी बांधायला घेतला असं मानतात, 1653 मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला आणि तिहेरी तटबंदीचं आजचं रूप त्यानंतरचं. मग आंग्रे. जुन्या इंग्रजी कागदांत शोधायचं असेल तर घेरिया या नावाने शोधा, विजयदुर्ग टाकून फारसं काही सापडत नाही.

आता खाडीकडच्या तटावर उभं राहून फेब्रुवारी 1756 डोळ्यांसमोर आणा. पेशवे आणि इंग्रज तुळाजी आंग्र्यांविरुद्ध एकत्र आले होते. अ‍ॅडमिरल वॉटसनचा ताफा खाडीत शिरला, जमिनीवरून यायला क्लाईव्हची फौज होती. आंग्र्यांची गुराबं, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, आणि गलबतं या आडोशालाच, एकमेकांजवळ बांधून ठेवलेली होती. तोफेचा एक गोळा रेस्टोरेशन नावाच्या जहाजावर पडला, हे आंग्र्यांनी आधी इंग्रजांकडूनच जिंकलेलं जहाज, ते पेटलं आणि आग एकावरून दुसऱ्यावर जात जवळपास सगळं आरमार जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. ज्या जागेने पावसाळ्यात जहाजं वाचवली त्याच जागेत ती दाटीने उभी होती म्हणून एकत्र जळाली, आणि हे तिथे उभं राहिल्याशिवाय नीट कळत नाही, कारण नकाशात खाडी रुंद वाटते पण आडोशाचा पट्टा किती लहान आहे ते डोळ्यांनीच बघावं लागतं. माझ्या मते मराठी आरमाराच्या इतिहासातली ही सगळ्यात वाईट संध्याकाळ आहे, आणि ती घडवण्यात आपलेच लोक सामील होते याचा त्रास वाचताना दरवेळी होतो. पुढे ऑक्टोबर 1756 च्या तहाने किल्ला पेशव्यांकडे आला, बाणकोट इंग्रजांकडे राहिलं, आणि पेशव्यांचं आरमार धुळप घराण्याच्या हाताखाली इथूनच चाललं ते 1818 पर्यंत.

समुद्राच्या बाजूला पाण्याखाली दगडांची एक भिंत आहे, सुमारे 120 मीटर लांबीची, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी पाणबुडे उतरवून तिची पाहणी केलीय. शत्रूची जहाजं त्यावर आपटून फुटायची असं इथे सगळेच सांगतात. तटावरून ती दिसत नाही, दिसते असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्याच संस्थेला विजयदुर्ग आणि मालवणच्या पाण्यात जुने दगडी नांगरही मिळालेत, भोकं पाडलेले लांबट दगड, अरबी समुद्रातल्या व्यापारी जहाजांचे असतात तसे.

किल्ल्यावर साहेबाचे ओटे, म्हणजे ग्रहण बघायला वापरलेले चौथरे, दाखवतील आणि हेलियमचा शोध इथे लागला म्हणून सांगतील. थोडं तपासून घ्या. हेलियमच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या दोन खगोलशास्त्रज्ञांपैकी जान्सेन 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणाला गुंटूरला होता, आणि लॉकियर तेव्हा भारतात नव्हताच, त्याने सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून बघितली. लॉकियर विजयदुर्गला आला तो 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी, सोबत मेल्पोमिनी नावाची ब्रिटिश युद्धनौका होती, तिच्या खलाशांनी निरीक्षणात मदत केली आणि ती नौका या खाडीच्याच भरवशावर इथे नांगरून राहिली. खरी गोष्टसुद्धा पुरेशी मोठी आहे की.

गिर्येची गोदी ओहोटीलाच बघा

किल्ल्यापासून तीनेक किलोमीटर आत, खाडीचा एक फाटा जमिनीत घुसलाय तिथे मराठा आरमाराची गोदी आहे. कातळ फोडून केलेली, लांबी शंभर मीटरच्या वर. बोर्ड बघून शोधत बसू नका, गिर्येत विचारा, लोक सांगतात. इथे यंत्र म्हणजे फक्त भरती. उधाणाच्या भरतीला जहाज आत घ्यायचं, पाणी उतरलं की ते तळाला टेकतं, मग बुडाला लागलेली कालवं खरवडायची, फळ्या बदलायच्या, भेगा बुजवायच्या, आणि पुन्हा उधाण आलं की बाहेर काढायचं. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढउतार करतं, इथे दोन-अडीच मीटरच, त्यामुळे गोदीची जागा आणि तळाची खोली किती विचार करून ठरवली असेल बघा. भरतीला गेलात तर नुसतं एक तळं दिसेल आणि तुम्ही म्हणाल यात काय आहे.

आता ती गाळाने भरत आलीय. भिंतीवरून चालताना दगड हलवू नका, कोपऱ्यातली झाडंही तोडू नका, इतिहासाच्या साफसफाईच्या नावाखाली कांदळ छाटलेली मी पाहिलीय आणि तो कायद्याने गुन्हा आहे. गाळ साचला म्हणून तिवर आलं, तिवर आलं म्हणून गाळ आणखी धरला गेला. जवळच रामेश्वराचं मंदिर आहे, खडक कापून केलेल्या वाटेने खाली उतरावं लागतं, जाऊन या.

कांदळवन ओळखायची सोपी रीत

पानं बघून ओळखायला वेळ लागतो. मुळांपासून सुरुवात करा, ओहोटीला ती समोरच असतात.

चिखलातून पेन्सिलीएवढी बारीक मुळं शेकड्यांनी वर आलेली दिसली की ते तिवर. हात लावून पानाची मागची बाजू बघा, फिकट दिसेल, आणि कोरड्या दिवसांत पानावर मिठाचे कण असतात, बोट फिरवून चाटून बघा, खारट लागेल. झाड खारं पाणी घेतं आणि मीठ पानातून बाहेर टाकतं. मुळं वर येण्याचं कारण म्हणजे या चिखलात हवा नसते, झाड त्या मुळांतून श्वास घेतं, म्हणून त्यावर पाय देऊन चालायचं नाही.

मुळं वर आलेली पण जाड, खाली रुंद वर निमुळती असली तर ती चिपी. ही बहुतेक पाण्याच्या अगदी काठाला असते. तिचं फूल रात्री उमलतं, पांढऱ्या तंतूंचा झुबका, वटवाघळं आणि पतंग येतात, सकाळपर्यंत तंतू गळून पाण्यावर पसरलेले असतात. फळ गोल हिरवं, बुडाशी चांदणीसारख्या पाकळ्या. पांढरी चिपी 2020 मध्ये महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर झालीय.

आणि खोडातून, फांद्यांतून कमानी निघून चिखलात रुतलेल्या दिसल्या तर तो कांदळ. याच्या फांद्यांना हातभर लांब शेंगेसारखं काहीतरी लटकतं, ती शेंग नाही, झाडावरच रुजलेलं रोप आहे. ते गळून थेट चिखलात उभं रुततं किंवा पाण्यावर तरंगत दुसरीकडे जाऊन लागतं. खाली पडलेलं मिळालं तर हातात घेऊन बघा आणि परत चिखलातच ठेवा, घरी कुंडीत लावायला आणू नका.

काठापासून थोडं वर, जिथे फक्त उधाणाचंच पाणी पोचतं तिथे हुरा असतो. याची पानं, फांद्या तोडू नका, पांढरा चीक निघतो आणि डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. मारांडी तिथेच आसपास मिळेल, काटेरी पानांची झुडपं आणि निळसर जांभळी फुलं.

आता चिखल. कुजका वास येतो म्हणून नाक मुरडू नका, ऑक्सिजन नसलेल्या गाळात जिवाणू काम करतात त्याचा तो वास आहे. एका जागी पाच मिनिटं न हलता उभे राहा, खरंच अजिबात न हलता. आधी काहीच दिसत नाही, मग बिळांतून खेकडे निघतात, त्यातल्या नराचा एक डेंगा अंगापेक्षा मोठा, तो हलवत राहतो. निवट्या उड्या मारत येतात, मासा असून पाण्याबाहेर चिखलावर फिरतो. खेकडे गळलेली पानं ओढून बिळात नेतात, उरलेली कुजतात, त्यावर कोळंबीची पिल्लं, बोयटं जगतात, त्यांच्यावर तांबोशी, मग त्यावर खंड्या, ब्राह्मणी घार आणि आपण. समुद्रातली कितीतरी पिल्लं लहानपणी अशा खाडीत येतात कारण लाटा नाहीत, मुळांत लपायला जागा आहे आणि खायला भरपूर आहे. खडकांवर पांढरे ओरखडे दिसतील, तिथली कालवं कोयत्याने काढून नेलेली असतात. कालवांवर अनवाणी चालू नका, पाय उभा चिरतो, जुने बूट घाला, चपला चिखलात राहतात.

खडकावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसली तर ऊद मांजराची, म्हणजे पाणमांजराची, असण्याची शक्यता मोठी. प्राणी क्वचित दिसतो, खूण दिसली तरी दिवस सार्थकी लागला म्हणायचं. मुखाजवळ डॉल्फिन येतात, इकडे गादे म्हणतात. बोट केलीत तर बोटवाल्या भाऊंना त्यांचा पाठलाग करायला लावू नका, इंजिन हळू करून थांबलं की पुष्कळदा तेच जवळून जातात.

वर खारेपाटणपर्यंत जा

खाडीचं मुख बघून परत फिरलात तर अर्धी गोष्ट राहिली. खारेपाटण आज हायवेवरचं गाव वाटतं, नदीच्या पुरात बाजारपेठ बुडाली की बातम्यांत येतं, पण हे मोठं बंदर होतं. समुद्रापासून चाळीसेक किलोमीटर आत, आणि तिथपर्यंत भरतीचं पाणी चढायचं. शिलाहार रट्टराजाचा इथला ताम्रपट शके 930 चा, म्हणजे इसवी सन 1008. बंदर इतकं आत का, तर माल घाटावरून उतरायचा आणि जहाज जितकं आत येईल तितकी बैलांची वाट कमी. सह्याद्रीतून शुक नदी गाळ आणत राहिली, पात्र उथळ होत गेलं, जहाजं मोठी होत गेली आणि बंदर हळूहळू मुखाकडे सरकलं.

पुलावर थांबून पाण्याचा रंग बघा, काठावरची झाडं बघा, आणि विजयदुर्गला पोचेपर्यंत जिथे जिथे रस्ता खाडीजवळ येतो तिथे पुन्हा बघा. गोड्या पाण्याची झाडं कुठे संपतात आणि कांदळ कुठे सुरू होतं ती रेघ पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पाणी किती खारं होतं त्यावर ठरलेली असते. मध्ये खार बंधारे दिसतील, भरतीचं पाणी अडवून आत भातशेती करायची ही जुनी पद्धत. बंधारा फुटून पडीक राहिला असेल तर आत तिवर आलेलं दिसेल, म्हणजे शेत पुन्हा खाडीकडे गेलं.

माणसांशी बोला, आणि प्रश्न नीट विचारा

गाबीत आणि दालदी मच्छीमारांना या पाण्याचं जेवढं माहीत आहे तेवढं कुठल्या रिपोर्टमध्ये मिळणार नाही. सकाळी जेटीवर मासे उतरत असताना मध्ये मध्ये करू नका, दुपारनंतर जाळी विणत बसलेले असतात तेव्हा जा. काका, मावशी म्हणून बोला, आधी कुठून आलात ते सांगा. इथे काय काय मिळतं असं विचारलंत तर सुरमई-पापलेट असं पाहुण्यांना द्यायचं उत्तर मिळेल. त्यापेक्षा विचारा की तुमच्या लहानपणी मिळायचं आणि आता मिळत नाही असं काय आहे, तिसरे, म्हणजे खायच्या शिंपल्या, कुठल्या किनाऱ्याला भरपूर असायचे, गाळ कुठे वाढला, कुठल्या जागेला पूर्वज काय नावाने ओळखायचे. मग गप्पा थांबत नाहीत. तिसरे-कालवं काढायचं काम बहुतेक बायकांचं, त्यामुळे नुसत्या पुरुषांशी बोलून येऊ नका. नाणार रिफायनरीचा विषयही निघेल, गिर्ये-रामेश्वर त्यात होतं आणि मार्च 2019 मध्ये त्या प्रकल्पासाठी जमीन घ्यायची अधिसूचना रद्द झाली. शांतपणे ऐका, मध्ये आपलं मत घुसवू नका, इथल्या माणसांसाठी तो पोटाचा प्रश्न होता.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते. तेव्हा होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि माणसं निवांत भेटतात, बोलायला तो काळ खरं तर जास्त चांगला.

नोंद ठेवा

फोटो काढताना एक जागा पक्की करा, जेटीचं टोक किंवा गोदीचा कोपरा, आणि दरवेळी तिथूनच तसाच फोटो काढा, सोबत तारीख, तिथी आणि भरतीची वेळ लिहा. तिथी लिहिली नाही तर पुढच्या वर्षी पाणी कमी दिसतंय की गाळ वाढलाय ते सांगता येत नाही. पक्षी दिसले तर ईबर्डवर टाका, झाडं-खेकडे आयनॅचरलिस्टवर, दोन्ही निसर्गनोंदींच्या वेबसाइट आहेत. ऊद मांजराचं बीळ किंवा समुद्री गरुडाचं घरटं सापडलं तर मात्र नेमकी जागा टाकू नका. गूगल अर्थवर जुन्या वर्षांचे उपग्रहफोटो बघता येतात, त्यात कांदळवन कुठे वाढलंय आणि कुठे तुटलंय ते सरळ दिसतं.

आणि तुटलेलं दिसलंच तर नुसतं हळहळून निघू नका. कांदळ तोडायला, त्यावर भराव टाकायला हायकोर्टाने 2005 मध्येच बंदी घातलीय, सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे, नियम आहेत, वनविभागात 2012 पासून वेगळा कांदळवन कक्ष आहे. फोटो लोकेशन चालू ठेवून काढा, एक जवळून आणि एक आजूबाजूची ओळखीची खूण येईल असा लांबून, तारीख लिहा आणि तहसीलदार आणि कांदळवन कक्ष दोघांनाही लेखी द्या, पोच घ्या. तिथल्या माणसाशी जागेवर भांडू नका. गावातलं कुणी बरोबर सही करायला तयार असेल तर फारच चांगलं, पण त्यांना नंतर तिथेच राहायचं असतं, तेव्हा आग्रह करू नका, तुमच्या एकट्याच्या नावाने दिलेला अर्जही चालतो.